शेवंतीच्या घशात

१७ नोव्हेंबर १९५५

आज सकाळी सिंदेवाहीला उतरले. छोट्या गाडीने हाडं खिळखिळी करून सोडली, पण बाहेर अन्नपूर्णा स्वतः बैलांची रेंगी घेऊन उभी होती आणि मला बघताच तिने भर स्टेशनात "हन्ने!" अशी आरोळी ठोकली. तीस वर्षं मला सगळं जग 'मिस शेलार' म्हणत आलं. शाळेच्या बाकापासून हन्ना म्हणणारं माणूस आता एवढं एकच उरलं आहे.

रस्ता जंगलातून. धान कापून झालं आहे, बांध्यांमध्ये नुसते खुंट. बैलांच्या घुंगरांखेरीज आवाज नाही. शाळेची घंटा नाही, पालकांच्या तक्रारी नाहीत, आणि मला निरोपाच्या समारंभात नारळ देऊन "आता विश्रांती घ्या" म्हणणारी ती नवी मुख्याध्यापिका नाही. विश्रांती मेल्यावर घेईन.

अन्नपूर्णेची पागा घराच्या मागेच आहे. नवऱ्याची मालगुजारी गेली, मग नवराही गेला, राहिले ते घोडे. त्यात तिने आजूबाजूची टाकून दिलेली जनावरं आणून भर घातली : टांग्याला निकामी झालेली, बाजारकऱ्यांनी पाठ सोलून काढलेली तट्टं, खूर कुजलेली, आंधळी. बरी होतात ती जंगलात ठेकेदाराच्या माणसांचा शिधा वाहतात आणि इतरांच्या दाण्याची सोय करतात. आसपासची माणसं या जागेला लंगडखाना म्हणतात. मला नाव आवडलं.

माझे वडील फौजेत सालोत्री, घोड्यांचे वैद्य होते. वाचायला शिकायच्या आधी मी घोड्याचा खूर उचलायला शिकले. अन्नपूर्णेने मला बोलावलं ते याच कारणासाठी. माझ्या सुस्वभावासाठी मला कोणी कधी बोलावलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

कामाला लागले. इथे दोन माणसं आहेत. इतवारी नावाचा सईस, पन्नाशीचा, तोंडात सदा खर्रा. आणि सुकरी, लीद काढते, दाणा भिजवते. इतवारी खरारा असा फिरवतो जसा काही भांडं घासतो आहे. मी त्याच्या हातातून तो काढून घेऊन त्याला दाखवलं. त्यावर तो सुकरीकडे वळून म्हणाला, "आता घोड्याले बाराखडी येईन पाय." सुकरी पदर तोंडात घालून हसली. मी सांगितलं, घोड्याला नक्की येईल, तुझी मला खात्री नाही.

पाठीच्या जखमा धुण्यासाठी कडुलिंबाचं पाणी उकळून ठेवायची शिस्त लावली. कुजलेल्या खुरांना रोज टर्पेंटाइनचा बोळा. तोबरे धुतल्याशिवाय पुन्हा भरायचे नाहीत. अन्नपूर्णा व्हरांड्यात उभी राहून हे सगळं बघते आणि हसते. तिला प्रत्येक घोडा नावाने ठाऊक आहे. आंधळा तुर्रा तिच्या पायरवाने मान वर करतो. संध्याकाळी ती त्याच्या गळ्यात हात टाकून उभी असते. नवऱ्याच्या गळ्यात तिने कधी टाकला असेल असं वाटत नाही.

३० नोव्हेंबर

शेवंती नावाची लाल घोडी माझ्याकडे सोपवली आहे. जंगलात शिधा वाहायला गेली होती, तिथे रात्री बांधलेली असताना वरच्या ओठाला आणि नाकपुडीला जखम झाली. इतवारी म्हणाला, बांबूचं फाटं लागलं. बांबूने असं फाटत नाही, ओरबाडल्यासारखं आहे, असं मी म्हटलं, तेव्हा तो खर्रा थुंकायला बाहेर गेला. जखम धुतली, भरत आली आहे. फार गुणी जनावर. मी अंगणात आले की खिंकाळते. मुलींच्या शाळेत इतकं स्वागत कधी झालं नव्हतं.

११ डिसेंबर

शेवंतीने दोन दिवस दाणा टाकला. आज सकाळी तोंडातून लाळेच्या तारा, मान पुढे ताणलेली, पाण्यात तोंड घालते पण घोट उतरत नाही, पाणी नाकावाटे परत येतं. घशात काहीतरी अडकलं हे शेंबड्या पोरालाही कळावं. वडिलांनी असे कितीतरी घोडे माझ्यासमोर मोकळे केलेले.

इतवारीला धरायला सांगितलं तर तो मागे सरकला. "मास्तरीणबाई, राहू द्या नं. काऊन हात घालता?" असं तीन वेळा म्हणाला. त्याला भित्रा म्हटलं, वर अजून दोन शब्द म्हटले जे मिशनच्या कंपाउंडात चालत नाहीत. मग एकटीनेच जीभ बाजूला धरून कोपरापर्यंत हात घातला. काही लागलं नाही. बाहेर काढताना तिने जबडा मिटला आणि मनगटावर दातांची किंचित रेघ उठली. त्याच हाताच्या बोटाला खूर साफ करताना कापलेलं होतंच. आयोडीन लावलं.

अन्नपूर्णा दारात उभी होती. चेहरा पांढरा. मी म्हटलं, अगं, तुझी घोडी आहे, वाघीण नव्हे.

१३ डिसेंबर

शेवंती मेली. काल दुपारपासून तिने खांबाला चावे घेतले, इतके की पुढचे दात तुटले. मग स्वतःच्याच खांद्याचं मांस. मला जवळ जाऊ दिलं नाही. पहाटे पडली. तिला पुरायचं सोडून जाळलं. एवढं लाकूड घोड्यासाठी!

मी मूर्ख नाही. मी अन्नपूर्णेला घरात नेऊन स्पष्ट विचारलं की हिला काही पिसाळलेलं चावलं होतं का. असेल तर मला आजच गाडीने चांद्याला जाऊन पोटात सुया घ्यायला हव्यात. ती म्हणाली, छे, पोटशूळ डोक्यात गेला, आधीही एका घोडीला असंच झालं होतं. मी म्हटलं, शपथ घे. तिने देवघराकडे हात केला आणि शपथ घेतली. मग माझा हात हातात घेऊन रडली.

बरं वाटलं. सुयांची मला लहानपणापासून भीती आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

१६ डिसेंबर

आज सहल. अन्नपूर्णा सकाळीच म्हणाली, तू आल्यापासून काम करते आहेस, चल, तुला शिवारं दाखवते. रेंगीत गूळपोहे, संत्री. आसपासच्या वाड्यावस्त्यांतून दिवसभर हिंडलो. गंमत अशी की अन्नपूर्णेला प्रत्येक ठिकाणी विहीरच दाखवायची होती. ही तिच्या सासऱ्याने बांधली, ह्या विहिरीचं पाणी गोड, हिच्यात कासव आहे, बघ ना, वाकून बघ, नीट बघ. मी वाकून बघायची. ती माझा पदर धरून उभी. शेवटच्या विहिरीशी पोचलो तेव्हा मी म्हटलं, बाई गं, पाणी सगळीकडे पाण्यासारखंच असतं. तर म्हणाली, एवढी एक, माझ्यासाठी. बघितली. आत माझंच तोंड, संत्र्याचा रस हनुवटीवर. दोघी पोरींसारख्या हसलो.

परतताना इतवारी बैलांना उगाच म्हणाला, "झाल्या बा सातही."

२७ डिसेंबर

नाताळ झाला. एकटीने प्रार्थना केली. अन्नपूर्णेने केक मागवायचा बेत केला होता. आला तो तांदळाच्या पिठाचा दगड. मनापासून खाल्ला.

पण एक गोष्ट लिहून ठेवते, कारण डोकं तापलं आहे. माझा पेला वेगळा काढला आहे. ताटही. सुकरी माझं उष्टं भांडं राखेच्या ढिगाऱ्यावर नेऊन काठीने उलटवते, हाताने नाही. इतवारी माझ्या हातचं पाणी घेत नाही. आधी घेत होता! म्हणजे नाताळात मी गुडघे टेकले ते यांनी पाहिलं आणि आता मी बाटगी झाले. यंदाच सरकारने शिवाशिवीचा कायदा केला आहे. इथे जंगलात तो कोणी वाचून दाखवायचा?

मी दाखवला. अंगणात दोघांना उभं करून अर्धा तास बोलले. माणूस म्हणजे काय, राज्यघटना म्हणजे काय. इतवारी जमिनीकडे बघत राहिला. सुकरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "तसं नाई जी बाई. तसं नाई." मग कसं, ते काही सांगेना.

अन्नपूर्णेकडे तक्रार केली. ती म्हणाली, अडाणी माणसं, मनावर घेऊ नकोस. पण तिनेही माझ्या ताटातली मिरची उचलली नाही. पूर्वी नेहमी उचलायची.

१० जानेवारी १९५६

थंडी कडक. दोन तट्टं पूर्ण बरी होऊन शिध्याच्या कामावर गेली. तुर्ऱ्याचा खूर सुधारतो आहे. अन्नपूर्णा माझ्याशी फार गोड वागते, जरा जास्तच. माझ्यासाठी नवी रजई केली. सकाळी मी उठायच्या आधी उशाशी येऊन बसलेली असते आणि विचारते, बरं वाटतंय ना? पाणी प्यायलीस का? नीट प्यायलीस?

म्हातारपणात एवढी काळजी घेणारं कोणी मिळालं. देवाचे आभार मानावे.

१९ जानेवारी

मनगटावर ती जुनी रेघ ठुसठुसते आहे. भरून कधीच गेली होती. मुंग्या खांद्यापर्यंत. ताप अंगात मुरलेला. हिवताप असावा, इथे सगळ्यांनाच होतो. कुनैन घेतलं.

चिडचिड होते. ही काही नवी गोष्ट नाही, असं अन्नपूर्णेला म्हटलं. ती हसली नाही. उठून बाहेर गेली आणि बराच वेळ तुर्ऱ्याजवळ उभी होती.

२१ जानेवारी

झोप नाही. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली की गळा आवळतो. कोणी मुठीत धरल्यासारखा. खिडकी बंद केली.

सकाळी चहा घेतला, घोट उतरेना, नाकातून परत आला. मी चहा टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

नाकातून परत आला.

मला ठाऊक आहे हे मी कुठे पाहिलं.

२१ जानेवारी, दुपार

सुकरीला गाठलं. ती पळू लागली, मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. ओरडले नाही. नुसतं विचारलं.

तिने सांगितलं. सगळंच सांगितलं, खाली बसून, डोकं धरून. "कोल्हा चावला होता जी शेवंतीले. पिसाटलेला. इतवारीनं मारला तो काठीनं. मालकीणबाई म्हणे, जो बोलन त्याले पागेतून काढीन." मग म्हणाली, पण बाईंनी तुमच्यासाठी केलं ना, सात विहिरी दाखवल्या ना. सात विहिरी पाहिल्या की इख उतरते. पुढे हळूच म्हणाली, "कधी कधी नाई उतरत."

सगळ्यांना ठाऊक होतं. मी ज्यांना राज्यघटना समजावून सांगत होते त्यांनासुद्धा. माझा पेला बाटगीचा नव्हता.

आणि तिने मला विहिरी दाखवल्या. अन्नपूर्णेने. जी माझ्या शेजारच्या बाकावर बसून सिस्टर अग्नेसकडून जंतू शिकली. जी सूक्ष्मदर्शकात बघायला माझ्या आधी नंबर लावायची. चांद्याला सकाळी गेलेली गाडी त्याच दिवशी पोचते. तिने मला गूळपोहे बांधून घेऊन विहिरीत बघायला लावलं.

२२ जानेवारी

बोलले. या वेळी ती खोटं बोलली नाही, हे तिचं एक.

म्हणाली, सरकारी डॉक्टर आला असता तर पागेतल्या एकूण एक घोड्याला गोळी घातली असती. शेवंतीचं तोंड सगळ्यांच्या पाण्याला लागलं होतं. तू एकटी होतीस, हन्ने, आणि दात नुसता घासला होता. सगळ्यांना थोडंच होतं? मी वाट बघितली. रोज सकाळी देवाला विचारलं.

मी म्हटलं, देवाला विचारलंस, मला विचारायचं होतंस.

ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस आणि तिथे सगळं सांगितलं असतंस. तू कधी खोटं बोलली आहेस का? तुझ्या त्या सरळपणापायी माझी जनावरं मेली असती.

म्हणजे दोष माझा. मी सरळ आहे हा दोष.

आता सुया घेऊन उपयोग नाही हे दोघींनाही ठाऊक आहे. एकदा गळा धरला की संपलं. तरी मी म्हटलं, मला चांद्याला ने, निदान झोपेचं औषध तरी देतील, तिथल्या खाटेवर मरते. ती म्हणाली, तिथे विचारतील.

२३ जानेवारी

खोगिरं ठेवायच्या खोलीत आहे. बाहेरून कडी. इतवारीने आणि तिने मिळून आणलं, घोंगडी अंगावर टाकून, जसं बुजलेल्या तट्टाला आणतात. मी लाथ मारली. बरी बसली इतवारीला.

गावात सांगितलं आहे, मास्तरीणबाईंना हिवताप, डोक्यात गेला.

खिडकीला गोणपाट लावलं म्हणून वारा नाही. अंगणात हौद भरायला लागले की आवाज — त्या आवाजानेच गळा — मला तहान आहे. इतकी की भिंत चाटावी. आणि पाण्याचा नुसता विचार —

मधेमधे अगदी स्वच्छ असते मी. हे सगळ्यांत वाईट. तेव्हाच लिहिते.

इतवारी दाराबाहेरून विचारतो, "बाई, हायत का?" हायत म्हणते.

२४ जानेवारी

सकाळी ती आली. मी तीन-चार तास शांत होते, तिला वाटलं उतार पडला. पेजेत कालवलेला मऊ भात. चमच्याने जाईना तर हातानेच घास केला. रडत होती. माझे केस मागे सारले. हन्ने, थोडंसं, माझ्यासाठी.

घास ओठांना लागला आणि आचका आला. जबडा मिटला.

तिची किंकाळी. बोटातून रक्त. माझ्या तोंडात मीठ.

मुद्दाम केलं का? खरं लिहायचं तर — आचका खराच होता. पण जबडा सोडायला मला जरा वेळ लागला.

ती भिंतीला टेकून बोटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पळाली.

आता ठरवावं तिने. सांगितलं तर घोडे जातील. नाही सांगितलं तर ती. मी इथे पडून ऐकते आहे. मला बघायचंय, माझ्यापेक्षा जास्त असलेले ते घोडे तिच्यापेक्षाही जास्त आहेत का.

२४, थोड्या वेळाने

गोणपाट जरा सरकवलं. अंगण दिसतं.

तुर्ऱ्याजवळ उभी आहे. गळ्यात हात. बोटाला चिंधी, साबणाने रगडून रगडून लाल. तुर्रा मान घासतो तिच्या खांद्याला. रडते.

म्हणजे घोडेच. वाईट वाटलं. खरंच. तिला आज गेलं तर वाचता येईल. ओरडून सांगावं, जा बाई — ओरडायला घसा —

नंतर

घुंगरं. रेंगी जुंपताहेत. दोन पातळं, ट्रंक. दुपारची गाडी.

जाते. गेली बरं. घास दिला त्याच्या तासाभरात. माझ्या वेळी सात विहिरी आणि स्वतःच्या वेळी —

मग घोड्यांचं? डॉक्टर विचारतील ना तिला. कोण चावलं. मग सगळं निघेल. सगळे घोडे. मी हसले, खोली फिरली. घोडे पण नाहीत, मी पण नाही, एवढं सगळं कशासाठी मग —

ती इतवारीला काही सांगते आहे. खिडकीखाली. ऐकू येतं. नीट ऐकू येतं.

"दवाखान्यात आणि गाडीत कोणी विचारलं, तर रस्त्यावरचं कुत्रं चावलं म्हणायचं. घोड्यांचं नाव काढायचं नाही. समजलं?"

"हो जी."

एवढंच.

कुत्रं चावलं.

तिला सुचलं. आत्ता सुचलं, रेंगीत पाय ठेवताना. कोणाला गोळी नाही, कोणाला काही नाही. एक वाक्य. हे तिला अकरा डिसेंबरला — मी म्हटलं असतं, अन्नपूर्णे. मुलींना जन्मभर खरं बोला शिकवलं, तरी म्हटलं असतं. तुझ्या घोड्यांसाठी म्हटलं असतं. तू नुसतं विचारायचं होतंस, मी गाडीतून उतरून पहिल्या डॉक्टरला म्हटलं असतं, कुत्रं —

घुंगरं लांब. फाटक उघडलं. वारा आत —

गोणपाट सर —

सुकरी, खिडकी — खिड —